बगलेतली बाटली

तीर्थरूप काळूराममामांना,

उजव्या हाताने साष्टांग नमस्कार. (डावा अजून बगलेपासून सुटत नाही, कारण पुढे येईल.) तुमचा गुडघा आणि मामींचा खोकला बरा असेल. आमच्याकडचं म्हणाल तर मुरबाडमध्ये सध्या माझ्याइतका मोठा माणूस नाही.

सिद्धगडाखालच्या तुमच्या जत्रेहून परतलो आणि आमच्या पोरीला, कुणालीला, सणसणून ताप भरला. मान वाकेना, पायांवर जांभळे ठिपके. डॉक्टरांनी मेंदूज्वराचा संशय धरून सुई लगेच चालू केली, पाठीच्या मणक्यातून पाणी काढलं आणि बाटली माझ्या हातात दिली. म्हणाले, कल्याणच्या लॅबला न्या, पण बर्फात ठेवू नका, थंडीने हा जंतू मरतो आणि मग वाढवून बघता येत नाही. मामा, मी बाटली बगलेत धरून जीपमध्ये बसलो. शेजारी मासळीवाली तानी. (बर्फाची पेटी तिच्या मांडीवर, म्हणजे निम्मी माझ्या.) तपासायची बाटली म्हटल्यावर सगळी जीप एका सुरात, "बर्फात ठेव रे! पोलिओचे डोस नाय बघितलेस?" तानीने तर झाकणही उघडलं. मी असा ओरडलो की ड्रायव्हरने गाडी बाजूला घेतली. शेवटी तिनेच आपली शाल माझ्याभोवती गुंडाळली. "बस बाबा, उबव तुझं अंडं."

लॅबच्या मितालीबाईंनी थोडं पाणी जंतू वाढवायला ठेवलं. उरलेल्यातला थेंब कार्डावर औषधाच्या थेंबात मिसळून हलवला. दूध नासावं तसे कण दिसले आणि त्या म्हणाल्या, "सापडला! मेनिंगोकोकस." (माझ्यासाठी सांगितलेला चहाही अजून आला नव्हता.) डॉक्टर फोनवर म्हणाले, सुई बरोबर आहे, तीच चालू ठेवू. आज कुणाली उठून बसली आणि खरवसासाठी भांडली. मी रडलो मामा, लपवत नाही.

तुमचा विजयी भाचा,
महिपत

ता. क. जत्रेत कुणाली तुमच्या मांडीवर झोपली, तुमच्याच ताटात जेवली. हा जंतू तसाच पसरतो. पत्र आणणाऱ्या नर्स गिरजाताईंकडे तुमच्या आणि मामींच्या गोळ्या आहेत. हे वरच लिहायला हवं होतं, पण मग तुम्ही पुढचं वाचलंच नसतं.

आणखी एक ता. क. गोळीने लघवी केशरी होते, त्यासाठी कोंबडं कापू नका. तुम्ही गोळी गालात धरून मागच्या दारी थुंकता, हे मामींनी सांगितलंय. ताईंसमोर गिळा आणि तोंड उघडून दाखवा. मला शिव्या द्या, पण गिळा. मला एकच मामा आहे.