पश्चिमेकडे उघडं वर्तुळ

२६ मार्च
आम्ही कोण? पर्यटक विचारतात, आणि घरातली पहिली पदवीधर असून मला उत्तर येत नाही. दोन हजार वर्षांपूर्वी वाट चुकलेली रोमन पलटण इथे, हान सम्राटांच्या या मातीच्या भिंतीपाशी वसली म्हणे. म्हणे! पुरावा एकच — आजोबांचे घारे डोळे. वेशीवर त्यांचाच फोटो आहे, डोक्यावर पत्र्याचं शिरस्त्राण.

२९ मार्च
गावात रोमन वंश आहे का ते तपासणाऱ्या प्रयोगशाळेसाठी सगळ्या गावाची थुंकी गोळा करायचं काम माझ्याकडे. फेंगशान काका, बाबांचे चुलतभाऊ, गावाचे प्रमुख, पण त्यांचा भरवसा नाही — पुतण्याचे केस त्यांनीच पिवळे रंगवून आणलेत! नळ्या पेटीत, पेटीला कुलूप, किल्ली माझ्या गळ्यात.
काका हसले. "शिकलीस, आणि चुलत्यालाच चोर ठरवलंस?" मग सभेत म्हणाले, "ज्याचं रक्त जुळेल तोच खरा वंशज. टेकडीवरच्या दफनभूमीत जागा त्यालाच."
आजी तिथेच आहे. तिच्या शेजारची जागा आजोबांनी स्वतःसाठी राखलीय.

१ एप्रिल
आजोबा थुंकीचा नमुना द्यायचं टाळतायत. परवा "चहा प्यायलोय", काल "दाढ दुखतेय". आज, "तोंडाला कोरड पडलीय गं." आणि लगेच अंगणात पचकन थुंकले! काहीतरी लपवतायत. काकांनी पढवलंय का?

४ एप्रिल
पूर्वजांचा दिवस. सगळं गाव टेकडीवर, थडग्यांपुढे कागदी नोटा जाळायला. आजोबा मागे रेंगाळले. मी लपून पाहिलं. चौरस्त्यावर त्यांनी काठीनं धुळीत वर्तुळ काढलं, पश्चिमेकडची बाजू उघडी ठेवली आणि आत कागद जाळले.
ज्यांची माणसं परमुलखात पुरलेली असतात, तेच असं करतात, वर्तुळ त्या दिशेला उघडं ठेवून.

५ एप्रिल
शेजारच्या चाओ आजींना गाठलं. आधी त्यांनी उडवूनच लावलं. मग म्हणाल्या, "तुझा आजोबा म्हणजे दुष्काळात पश्चिमेकडच्या उंटवाल्यांनी टाकून दिलेलं पोर. आपली भाषा येईना, नुसतं रडायचं. तुझ्या पणजीनं नूडल्सचा वाडगा पुढे केला. झालं, आपला झाला!"
"गावात कुणाला माहीत आहे?"
"सगळ्या म्हाताऱ्यांना. फेंगशान तेव्हा जन्मलाही नव्हता. आता तू सांगणार का त्याला, शिकलेली?"


७ एप्रिल
पेटी मीच उघडली. सगळ्या नळ्या कालव्यात रित्या केल्या, धुतल्या, भिंतीवर मिरच्यांशेजारी वाळत ठेवल्या. प्रयोगशाळेला फोन केला — नमुने येणार नाहीत. निर्णय कुणाचा, असं तिकडून विचारलं. "माझा," म्हटलं. किल्ली काकांच्या दाराला टांगून आले.