पाचवा उद्गार

९ मार्च, रविवार
उपासनेनंतर पाळकसाहेबांनी थांबवून घेतलं. आमच्या मंडळीत कोणाला थांबवून घेतलं की एकतर मयत असते, नाहीतर तक्रार. निघालं वेगळंच. यंदा उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, येशूचे वधस्तंभावरचे सातही उद्गार तरुण पोरं-पोरी समजावून सांगणार आणि त्यांना तयार मी करणार. म्हणजे मी ट्रेनर. पाळकसाहेब म्हणाले, सांडूकाका, पुढची पिढी घडवा, तुम्ही आता पुढच्या बाकावर निवांत बसा.
निवांत हा शब्द आवडला नाही. पाचवा उद्गार, तहानेचा, कितीतरी वर्षं माझाच आहे. लोक त्याचीच वाट बघत असतात. गेल्या वर्षी इतका रंगलो की सहाव्या आणि सातव्याला मिळून दहा मिनिटं उरली. एकही माणूस उठून गेला नाही. बायको, मुक्ताबाई, म्हणते, बाहेर ऊन होतं म्हणून.

१५ मार्च, शनिवार
पहिला क्लास, आमच्याच घरी. माझं शिक्षण सातवीपर्यंत. पोरं काय विचारतील या धाकानं पहाटेच उठून बसलो. निशा बी.कॉम. करते, करुणा नर्सिंग. शिवराज शेंद्र्याला कंपनीत शिफ्टला, त्यामुळे आला नाही. बाकी चौघं एकमेकांचे चुलत-मावस, मला वेगवेगळे ओळखता येत नाहीत. सगळ्यांचं बायबल मोबाइलमध्ये. कॉल आला तर देवाचं वचन बंद पडेल, असं मी सुनावलं.
करुणानं विचारलं, आजोबा, वर उभं राहिल्यावर भीती वाटली तर काय करायचं? मी म्हणालो, सेवकानं भ्यायचं नसतं. पुढचा प्रश्न. आणि पाणी प्यायला आत गेलो.

२२ मार्च, शनिवार
शिकवायचं काय हा पेच. मला संदेश एकच येतो, पण पक्का येतो. वडील सिल्लोडकडे लोकांच्या विहिरी खणायचे. पाणी लागलं की मालक नारळ फोडायचा आणि वडिलांना वर घेऊन सांगायचा, आता विहिरीला शिवू नको. स्वतः खणलेल्या पाण्यापासून ते तहानलेले घरी यायचे. ही गोष्ट आली की बाया डोळ्याला पदर लावतात.
नमुना म्हणून पोरांना हाच संदेश दिला. पुस्तक कुठं धरायचं, विहिरीपाशी आवाज कुठं उतरवायचा, सगळं. त्यांनी मोबाइलवर रेकॉर्ड केलं. निशानं शिवराजलाही पाठवलं. मुक्ताबाई म्हणाली, अहो, ज्याला त्याला त्याचा उद्गार शिकवा की. मी म्हणालो, आधी पाया, इमारत नंतर. तिला यातलं कळत नाही.

२९ मार्च, शनिवार
नळाला आठवड्यानं पाणी आलं, नेमकं क्लासच्या वेळी. क्लास ड्रम भरण्यात गेला. इमारत पुढच्या शनिवारी.

५ एप्रिल, शनिवार
उद्गार वाटून दिले. पाचवा कोणाला द्यायचा या धास्तीनं दोन दिवस जेवण गेलं नाही. निशाला दिला तर ती चांगलं बोलेल. चांगलं बोलली तर पुढच्या वर्षीही तीच बोलेल. मग मी कशाला उरलो? म्हणून प्रार्थनापूर्वक शिवराजला दिला. तो येत नाही, आला तरी बोलत नाही. यात पक्षपात काही नाही. तो अडलाच तर अनुभवी माणूस पुढच्या बाकावर असावा, एवढीच दूरदृष्टी.
वाटणीतच वेळ संपला. इमारत राहिली.

१३ एप्रिल, झावळ्यांचा रविवार
पाळकसाहेबांनी विचारलं, तयारी? म्हणालो, ए-वन. ते म्हणाले, कोणी अडलं तर? म्हणालो, मी आहे ना. ते चष्मा पुसत राहिले.
निशाला विचारलं, संदेश लिहिलास का? म्हणाली, तुमचाच घेतलाय आजोबा, थोडा फिरवून. फार बरं वाटलं. बाकीच्यांना विचारायचं राहून गेलं.

१७ एप्रिल, गुरुवार
शिवराज ड्यूटीवरून थेट इथं आला. म्हणाला, आजोबा, माझ्यानं नाय व्हायचं, दुसऱ्या कुणाला द्या. ऐकून काहीतरी झालं. आनंदानं की भीतीनं, कळेना. म्हणालो, लेका, तू नुसता उभा राहा, पुढचं देव बघेल. तो गेल्यावर वाटलं, आणि याला जमलं तर? बीपीची गोळी घेतली होती की नाही, आठवेना.
पांढरा सदरा इस्त्री करून घेतला. बाकावर बसायचं असलं तरी नीट बसावं.

१८ एप्रिल, उत्तम शुक्रवार, सकाळी १०
उपवास. मुक्ताबाई म्हणाली, तुम्हाला तर नुसतं बसायचंय. मी सदऱ्याची बटणं लावत राहिलो.

त्याच दिवशी, संध्याकाळी
पहिला उद्गार क्षमेचा, निशाचा. आवाज ठणठणीत. क्षमेवरून ती विहिरीवर आली. माझ्या वडिलांनी मालकाला क्षमा केली म्हणाली. हे मला माहीत नव्हतं. पण बायांनी पदर लावले आणि माझी छाती फुगली.
दुसरा शेजारच्या वधस्तंभावरच्या चोराचा. चुलत-मावसांपैकी एक. त्याचा चोर रात्री विहिरीवर पाणी चोरायला आला आणि तिथं माझे वडील भेटले. मी बाकावर सरकून बसलो.
तिसरा आईचा. करुणानं माझ्या आईला विहिरीवर आणलं. चौथा देवानं एकटं टाकल्याचा, त्यात वडील विहिरीत पडून एकटेच मेले. ते घरी, अंथरुणावर, आमच्या सगळ्यांच्या देखत गेले होते.
मागून मंडळीच्या पंच कमिटीचे नानासाहेब हळूच म्हणाले, सांडूच्या बापानं अख्खा तालुका खणला की. दाबलेलं हसू ऐकू आलं. मान वळवायची हिंमत झाली नाही.
मग शिवराज उठला. तोंड पांढरं पडलेलं. म्हणाला, आजोबांची गोष्ट तर झाली सगळी, माझ्याकडं दुसरी नाय. आणि माझ्याकडे बघत राहिला. पाळकसाहेबांनीही बघितलं. ज्यासाठी महिनाभर जागा धरली होती, ती घटका आली. उठलो. पायऱ्या चढलो. तोंड उघडलं, आणि विहिरीशिवाय काहीच सुचेना. विहीर चौघांनी उपसून नेलेली. हातातलं पुस्तक थरथरत होतं, त्याची खडखड माइकमधून सगळ्यांना ऐकू जात होती. समोर ओळखीची तोंडं, आणि एकाचंही नाव आठवेना. शेवटी म्हणालो, मला भीती वाटतेय. हे मनात म्हणालो असं वाटलं, पण माइक चालू होता.
शिवराजनं माझं कोपर धरलं. म्हणाला, मलाबी. तेही माइकमधून गेलं. मग आम्ही दोघं खाली उतरलो. पाचवा उद्गार संपला.
कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

२१ एप्रिल, सोमवार
काल ईस्टरला पाळकसाहेबांनी हात मिळवला. म्हणाले, काका, यंदा उपासना वेळेत संपली. मी हे कौतुक समजतो.
आज करुणा आणि शिवराज घरी आले. आल्यापासून मी तक्रारीची वाट बघत होतो. तक्रार नव्हती. शनिवारचा क्लास आता करुणाच्या घरी. तीच घेणार. ज्याचं त्यानं स्वतःचं बोलायचं, भीती वाटली तर तीही सांगायची. शिवराजही येणार, त्यासाठी त्यानं शिफ्ट बदलून घेतलीय. मी विचारलं, ट्रेनर म्हणून मी कुठं बसू? दोघांनी एकमेकांकडे बघितलं. करुणा म्हणाली, आजोबा, आमच्याकडं खुर्ची नाही, सगळ्यांबरोबर खाली चटईवर बसावं लागेल. गुडघे वाकतात ना?
मी म्हणालो, न वाकायला काय झालं?
आत मुक्ताबाईच्या हातातलं लाटणं थांबलं. खाली बसून मला बरीच वर्षं झाली. शनिवारपर्यंत वाकतील.