पाचोडची लाल माती आणि मंगळ

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

नाहीच जुळलं! पुण्याच्या लॅबमधून आलेला माझ्या मातीचा आलेख मंगळावरच्या मातीच्या आलेखाच्या आसपाससुद्धा जात नाही. मंगळाभोवती फिरणाऱ्या यानाला तिथं चिकणमाती दिसली — म्हणजे कधीकाळी तिथं पाणी मुरलेलं होतं. तसलीच माती आपल्याकडं काळ्या दगडाच्या दोन थरांमधल्या लाल पट्टीत मिळते, एवढंच मला पीएच.डी.त दाखवायचंय. माझे गाईड बद्रीनाथ सर आलेख बघून म्हणाले, "सायली, ह्यात चिकणमातीची खूणच नाही. नवा नमुना आण."

आण म्हणे! होतं नव्हतं ते सगळं लॅबला पाठवून बसलेय.

५ फेब्रुवारी

पाचोडला गेले. गेल्या वर्षी तिथल्या सर्जेरावकाकांची विहीर खोदत होते, तेव्हा क्रेनच्या टोपल्यात बसून नमुना काढायला चाळीस फूट खाली उतरले होते मी. आज बघते तर विहीर बांधून तयार! तळापर्यंत सिमेंट. लाल पट्टी आत गडप.

"काका, थोडंसं फोडता येईल?"

"माती ढासळत व्हती म्हणून तर बांधली. आता फोडा म्हणतीस व्हय?"

त्यांची आई, आवडाबाई, चहा घेऊन आल्या. "मंगळावर पाणी व्हतं का नाय, हे कळून तुला काय मिळणार गं, बाई?"

चहा अर्धा टाकून उठले. आता लाज वाटतेय.

६ फेब्रुवारी

डोकं दुखतंय. काहीही केलं नाही.

९ फेब्रुवारी

बाबा जेवताना म्हणाले, "आमच्या कंपनीच्या लॅबमध्ये जागा निघालीय. रंग तपासायचं काम. इथून, बजाजनगरातून, चालत जाशील." रंग! तीन वर्षं मी काय करत होते, हे ह्या घरात कुणाला तरी माहीत आहे का?

सरांना फोन केला. "विषय बदल, नाहीतर..." एवढंच म्हणून त्यांनी फोन ठेवला.

१४ फेब्रुवारी

हो म्हणून टाकलं. सोमवारी रुजू व्हायचं. सरांनाही कळवलं — ते फक्त "बरं" म्हणाले. भिंतीवरचे मंगळाचे नकाशे ओरबाडून काढले. आई म्हणाली, "एखादा राहू दे की." तिच्यावरच ओरडले.

१५ फेब्रुवारी

पुण्याच्या लॅबमधून रूपा नावाच्या मुलीचा फोन. नमुन्यांवर नंबर टाकताना घोळ झाला, मला आलेला आलेख दुसऱ्याच कुणाच्या मातीचा होता. "सॉरी मॅडम. तुमची पिशवी तर अजून उघडलेलीच नाहीये."