पिंपावरची खाच आणि ओत्मारचे नाव

मी, व्लास्तिमिल कुबेल्का, वय शहात्तर, दूध डेअरीतील निवृत्त पाइप-फिटर, राहणार दोल्नी ओल्शिना, घर क्रमांक एकेचाळीस, कोणाच्याही दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र सांगत आहे. हात थरथरतो, म्हणून वाचनालयाच्या ब्लांका सोकोलोवा ते टंकत आहेत. डोके ठिकाणावर असल्याचे डॉक्टर सांगतात. डोळ्यांवर चष्मा असल्याचे मी सांगतो. ते का, हे पुढे येईल. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात मी एक गोष्ट लपवली होती.

१. घर, बाग आणि अक्रोडाचे झाड मुलगी इवोना हिला. ब्रनो शहर सोडून तू इथे राहणार नाहीस, हे मला माहीत आहे. खुशाल विक. मात्र तळघराची खिडकी बुजवणाऱ्याला विकू नकोस.

२. डेअरीतील पान्यांचा संच जावयाला. त्याला नटबोल्टातले काही कळत नाही, आणि माझी बिअर आंबट असते असे तो माझ्याच टेबलावर बसून म्हणाला होता. तरीही त्यालाच.

३. घरी बिअर भरण्याचे स्टीलचे पिंप, बिअर दाबाने बाहेर ढकलणाऱ्या कार्बन डायऑक्साइड गॅसचा सिलिंडर, नळ्या आणि तोटी गावच्या स्वयंसेवक अग्निशामक दलाला. सोबत या सूचना. गळतीचा संशय आला की आधी साबणाचे पाणी घ्या आणि प्रत्येक जोडावर लावा. बुडबुडे दिसले तिथे गळती. लोक फक्त गॅसच्या बाजूला लावतात. बिअर गळली तर जमिनीवर दिसेलच, असे त्यांना वाटते. माझ्या तळघरात मधोमध गटाराचे भोक आहे, सगळे त्यातून वाहून जाते आणि काहीच दिसत नाही. झाकणाची रबरी रिंग बोटाने चाचपा. सिलिंडर बंद करून दाबाचा काटा तासभर पाहा. खाली आला तर कुठेतरी सुटते आहे. पिंपाच्या डोक्यावर दोन बोंडे असतात, एकातून गॅस आत जातो, दुसऱ्यातून बिअर बाहेर येते. दिसायला जुळी. गॅसच्या बोंडावर बारीक खाच असते, बिअरच्या नसते. धुतल्यावर बसवताना चष्मा लावा. नळीच्या टोकाची फिटिंग बोंडावर बसत नसेल तर ती बसायची नाही. हातोडी घेऊ नका.

४. मी हातोडी घेतली होती.

अकरा वर्षांपूर्वीची गावजत्रा. दलाच्या तंबूत माझी बिअर द्यायची ठरली होती आणि मी आठवडाभर फुशारक्या मारत होतो. आदल्या दिवशी पिंप धुतले, चष्मा न लावता बोंडे बसवली, आणि त्यांची अदलाबदल झाली. बिअरची फिटिंग बसेना, तेव्हा रबरी हातोडीने ठोकून बसवली. चौतीस वर्षे डेअरीत पाइप जोडणाऱ्याला कोण शिकवणार!

सकाळी पिंप न्यायला शेजारी ओत्मार झाप्लेताल आला. तो दलाचा अग्निबंब चालवायचा. एकेकाळी दारूने त्याचा संसार मोडत आला होता, पण तेव्हा चार वर्षे त्याने थेंबही घेतला नव्हता. तो आधी तळघरात उतरला. मागून मी खाली गेलो तर पिंप रिकामे, खिडकी उघडी, आणि ओत्मारची बाही बिअरने ओली.

तो म्हणाला, "व्लास्ता, तुझं पिंप गळतंय रे. गॅस सुसाट सुटला होता, मी सिलिंडर बंद केला. आधी वर चल, इथं थांबू नकोस."

मी त्याचा हात धरून त्याला तंबूत नेले आणि सगळ्यांसमोर म्हणालो, "हुंगा याला! चार वर्षं साधू झाला होता, आज माझं अख्खं पिंप ढोसलं याने! आणि वर म्हणतो, कुबेल्काचं पिंप गळतं!"

सगळे हसले. त्याची बायको रूझेना तिथेच होती; ती हसली नाही. दलप्रमुखांनी त्याच दुपारी त्याच्याकडून अग्निबंबाची किल्ली मागून घेतली. त्याने ती टेबलावर ठेवली आणि घरी गेला. रूझेना महिनाभर बहिणीकडे जाऊन राहिली.

तीन आठवड्यांनी मी पिंप खोलले. त्या दिवशी चष्मा होता. खाच भलत्या बोंडावर दिसली. आणखीही एक कळले. माझी बायको द्राहोमिरा त्या सकाळी बटाटे आणायला तळघरात उतरणार होती. हा गॅस खाली साचतो, त्याला वास नसतो, आणि माणूस गुदमरतो. ओत्मारने खिडकी उघडली नसती तर ती वर आली नसती.

मी बोंडे नीट बसवली आणि गप्प बसलो. द्राहोमिराला सांगितले नाही. ओत्मार पुन्हा पिऊ लागला असे समजूनच ती गेली. तिच्या अंत्यविधीला तो सगळ्यांच्या मागे उभा होता. मला स्वतःची लाज वाटते. ब्लांकाबाई, थांबू नका, टंका.

५. माझ्या मृत्यूनंतर कलम चार दलाच्या सभागृहात मोठ्याने वाचावे.

६. माझी हिरवी मोटार ओत्मार झाप्लेताल याला. एक गाडी मी त्याच्याकडून काढून घेतली, म्हणून.

पुरवणी. टंकलेल्या मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. एक ब्लांकाबाई. दुसरे त्यांचे यजमान येणार होते. आज त्या म्हणाल्या, "त्यांची कंबर धरलीय हो," आणि दारातून ओत्मारलाच आत घेऊन आल्या. यजमानांना मी सकाळीच सायकलवर पाहिले होते.

ओत्मारने पेन उचलले. ब्लांकाबाई म्हणाल्या, "ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार होता येत नाही."

"म्हणजे? माझ्या नावावर काय लिहिलंय याने?"

मग मला कलम चार त्याच्यासमोर वाचावे लागले.  शेवटी म्हणालो, "ओत्मार, तुला ठाऊकच होतं ना? मग पुन्हा कधी बोलला का नाहीस?"

"बोललो होतो की. तंबूत. तू हसवलंस सगळ्यांना."

मी कागद त्याच्यापुढे सरकवला.

तो म्हणाला, "गाडी खोड. मी सही करतो. आणि ते पाचवं पण खोड. तू मेल्यावर वाचलं तर लोक म्हणतील, बिचारा व्लास्ता, किती मोठ्या मनाचा. शनिवारी दलाची बैठक आहे. तू वाच. मी पुढच्या बाकावर बसेन. रूझेनालाही आणतो."

सबब कलम पाच आणि सहा रद्द. कलम चार मी शनिवारी स्वतः, उभा राहून, चष्मा लावून वाचीन. मला मरणाची एवढी भीती वाटत नाही जेवढी शनिवारची वाटते.

सही करताना ओत्मारने नावाखाली हुद्दा लिहिला. त्यातला एक शब्द खोडावा अशी मी विनंती केली. "ते शनिवारी बघू," तो म्हणाला.

ठिकाण: दोल्नी ओल्शिना
दिनांक: १० ऑक्टोबर २०२४, गुरुवार

व्लास्तिमिल कुबेल्का (सही)

साक्षीदार:
१. ब्लांका सोकोलोवा, ग्रंथपाल (सही)
२. ओत्मार झाप्लेताल, अग्निबंबाचा माजी चालक (सही)