झिऱ्याकाठची वाळू

लातूर, शनिवार रात्र, चैत्र

नांदेडला कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात कमल आणि मी एकाच तांब्यातल्या पाण्यानं तोंड धुवायचो. ती माझ्या ओंजळीत धार धरायची, मग मी तिच्या. आज तीच कमल मांजरेच्या कोरड्या पात्रात गुडघ्यांवर बसून वाळू उपसत होती, आणि मी जीपमध्ये.

नवा जिल्हा झाल्याच्या आनंदात उद्या माणसं नेणाऱ्या गॅसच्या फुग्यांची लांब पल्ल्याची शर्यत. आमच्या फुग्यात अरविंददादा आणि मी. फुगा खाली येऊ लागला की टाकायला वाळूची पोती लागतात. "तो ढीग घ्या, स्वच्छ आहे," असं गड्यांना मीच सांगितलं. तो ढीग कुणी उपसून घातला असेल, हे मनातही आलं नाही. जीप ढिगाशी नेली आणि शेजारीच पाण्यासाठी खणलेला झिरा ढासळला. दहा घरांचं पिण्याचं पाणी गेलं.

कमलनं ओळखलं. "लई उंच चाललीस की शालू, आमचं पाणी बुजवून!"

आणि मी? "चला, उशीर होतोय," एवढंच गड्यांना म्हणाले. उतरलेसुद्धा नाही. का? साडीला वाळू लागली असती म्हणून? तिच्या हातांना ओली वाळू चिकटली होती. त्याच हातांनी धार धरायची ती.

दादा, उठल्यावर हे पान वाच. फुग्यातली माझी जागा उर्मिलावहिनीला. माझा लोकरीचा कोटही तिलाच, वर गार असतं. घरातले दोन्ही भरलेले हंडे कमलच्या वस्तीला पाठव. फावडं शोधू नकोस. ते मी नेलंय.