हात धुण्यावरचं माझं ऐतिहासिक संशोधन

२ फेब्रुवारी, रविवार
फायनल इयरचा प्रोजेक्ट पक्का. पेशंटला हात लावण्याआधी नर्सेस हात स्वच्छ करतात का? वॉर्ड आईचाच. ती तिथे इनचार्ज सिस्टर, त्यामुळे परवानगीची चिंता नाही. पार्टनर युसरा. हुशार आहे, पण लीडरशिप माझी. प्रोजेक्ट पास झाला की जूनमध्ये डिग्री.

६ फेब्रुवारी, गुरुवार
युसरा म्हणते, गुपचूप बघूया; कोणी बघतंय कळलं की सगळेच शहाण्यासारखे वागतात. मी समजावलं की चोरून बघणं आमच्या घराण्यात नाही. रिग्गई भागातल्या प्रिंटिंगवाल्याकडून ‘रिसर्चर’ असा बिल्ला करून घेतला. मोठा. लॅमिनेशनसकट.

९ फेब्रुवारी, दुपार
वॉर्डात शिरलो आणि सॅनिटायझरच्या बाटल्यांवर झुंबड उडाली! एका सिस्टरने तर दोनदा हात चोळले आणि माझ्याकडे बघून हसली. व्यक्तिमत्त्वाचा प्रभाव. तो शिकवता येत नाही.

१३ फेब्रुवारी
शंभर टक्के! युसराला सांगितलं तर तिने वही मिटली. मग म्हणाली, मी वेगळा विषय घेतेय, प्रोजेक्टच्या मॅडम हो म्हणाल्यात. जळते. वॉर्ड मात्र हाच हवा म्हणे. मी मोठ्या मनाने म्हटलं, घे. उद्यापासून रोज लिहायला बसणार.

२६ फेब्रुवारी
सुट्टी. लिहिणारच होतो. आधी विचार करायला फिंतासच्या समुद्रावर गेलो. विचार उत्तम झाले. रिझल्ट शंभर टक्के असल्यावर लिहायला उरतं काय?

२४ मार्च, सोमवार
आज व्हायवा. युसरा माझ्या आधी. विषय: निरीक्षक समोर असताना आणि नसताना नर्सेस कशा वागतात.
निरीक्षक म्हणजे मी!
नाव घेतलं नाही. ‘बिल्ला लावलेला एक विद्यार्थी’ म्हणाली. सगळा वर्ग माझ्या छातीकडे बघायला लागला. बिल्ला लावूनच गेलो होतो.
मी वॉर्डातून बाहेर पडलो की निम्म्या सिस्टर्स हात स्वच्छ करत नाहीत म्हणे. मॅडमनी तिचं कौतुक केलं आणि मला सांगितलं, तुझा प्रोजेक्ट रिपीट. जूनची डिग्री गेली. आणि हे सगळं रमजानमध्ये! रोजा धरून माणूस इतका दगा देऊ शकतो?

त्याच दिवशी, संध्याकाळ
आईला सांगितलं. ती भाजी निवडत होती. मग म्हणाली, तू घरून निघालास की मी वॉर्डच्या ग्रुपवर टाकायचे, मुलगा येतोय, हात नीट धुवा. तुझं चांगलं व्हावं म्हणून.
युसराला परवानगी कोणी दिली? तीही आईनेच. मुलगी गोड आहे म्हणे, जेवायला आली होती तेव्हा स्वतःचं ताट उचलून ठेवलं होतं.
विश्वासाची दोनच माणसं होती. दोघींनी मिळून तोंडघशी पाडलं. फार लागलंय.

२५ मार्च
कोणाशी बोलत नाही. आईशी तर नाहीच. ती दाराबाहेरून म्हणाली, पुढच्या वेळी ग्रुपवर टाकते, धैर्यशील येतोय, कोणीही हात धुऊ नका.
इनचार्ज सिस्टर!
डोळ्यांत पाणी आलं. रागाने. मग हाक आली, हात धुऊन जेवायला ये. ठरवलं, आज धुवायचे नाहीत. निषेध. ताठ मानेने बेसिनवरून पुढे निघालो. स्वयंपाकघराच्या दारात आई बघत उभी होती.
धुतले. दोनदा.