घसा बसल्याचं कारण

सार, इथल्या रीतीने तुम्हाला गुरुजी न म्हणता सारच म्हणत आले. तुम्ही गेल्यावर आता तुमच्यावर फक्त बाराशे शब्द लिहायचे आहेत आणि मी तीन आठवडे एकाच वाक्यावर अडून बसले आहे. पुण्याहून संगीतकोशाच्या संपादकांनी कळवलं, की तंजावरी मराठी घरातला, चेन्नईत राहून गायलेला माणूस म्हणून तुमची नोंद हवी, आणि शिष्या म्हणून ती मीच लिहावी. मी लगेच हो म्हटलं, त्याचाच आता राग येतो. पहिला खर्डा त्यांनी परत पाठवला. फोनवर म्हणाल्या, "बाई, ही नोंद आहे, आरती नाही. माणसात काही खोट नव्हती का?" मी म्हटलं, होती. "मग लिहा. पण छापील आधार द्या, नुसत्या आठवणीवर आम्ही टीका छापत नाही." स्तुतीला कुठे आधार मागितलात, असं मी ऐकवलं, तर हसून म्हणाल्या, "बरं झालं आठवण केलीत. तिलाही द्या."

खोट कोणती ते तुम्हाला ठाऊक आहे. बाईची साथ तुम्ही घेत नसायचात. मुलींना जीव तोडून शिकवणारा माणूस असं का करतो, हे मला तेव्हा कळलं नाही, आजही कळत नाही. विचारलं नाही, हा दोष माझा. त्या संध्याकाळी तुमचे नेहमीचे मृदंगवाले तापाने आडवे झाले होते आणि सभेच्या, म्हणजे गाणं ठेवणाऱ्या संस्थेच्या, लोकांनी ऐनवेळी माझ्या ओळखीच्या एका मृदंग वाजवणाऱ्या मुलीला आणून बसवलं. मी तुमच्या मागे तंबोरा घेऊन बसले आहे. मुख्य कृती संपत आली आहे. आता तनि येणार, मृदंगाला एकट्याने वाजवायची जागा, म्हणून तिने मृदंगाच्या डाव्या तोंडावर लावलेला रवा ओल्या बोटांनी दाबून घेतला आहे, हात पुसला आहे. आणि तुम्ही तिच्याकडे न बघता पुढचं पद सुरू करता. व्हायोलिनवाल्यांनी मान वर केली, तेव्हा दोन ओळींच्या मध्ये हळूच म्हणालात, "तनि नको. पोदुम." पुरे. ते आम्हा तिघांनाच ऐकू आलं. व्हायोलिनवाले आता नाहीत.

बाहेर चपला शोधताना पेपरात लिहिणाऱ्या गृहस्थांनी मला विचारलं, तनि का नाही झाला? मी म्हटलं, सारांचा घसा बसला होता, लवकर आटपायचं होतं. पुढच्या आठवड्यात छापून आलं, की बसलेल्या घशानेही इतकं निर्दोष गाणारा माणूस विरळा. म्हणजे त्या संध्याकाळचा एकमेव छापील आधार आहे तो असा, आणि तो माझ्या तोंडचा आहे. एका ओळीवर मला तीन आठवडे घोळवत ठेवून तुम्ही म्हणाला होतात, "सूर गमकात हलवून लपवू नकोस. चुकलेलं चुकलेलंच ऐकू दे." चांगलं शिकले मी.

ती संध्याकाळ घातलेला नवा खर्डा तुमच्या मुलीला वाचून दाखवला. अक्का म्हणाली, "अप्पांनी तुला काय कमी केलं गं?" काही नाही. माझी आई गेली तेव्हा तेरा दिवस तुम्ही रोज तिरुवल्लिकेणीहून चालत आलात, गाण्याचा शब्द न काढता नुसते ओसरीवर बसलात. तेही खरं आहे, आणि त्यालाही छापील आधार नाही. मग काय करायचं, सार? दोन्ही गाळायचं, की दोन्ही ठेवायचं?

शेवटी अंबत्तूरला त्या मृदंगवालीच्या घरी गेले. ती तिथे मुलांना मृदंग शिकवते. कॉफी समोर ठेवून म्हणाली, "वीस वर्षांनी आलीस. रस्ता चुकलीस की काय?" मी नोंदीचं सांगितलं. "लिही की. पण त्या दिवशी ते गायले उत्तमच, तेही लिही. मी शेजारी बसून ऐकलंय."

"छापील आधार मागतात."

"आहे की छापील. घशाचं." ती पुढे म्हणाली, "सार त्या पेपरवाल्याशी एक शब्द बोलले नव्हते. तू बोलत होतीस. मी दाराशी मृदंग गवसणीत घालत होते, आंधळी नव्हते."

मी कॉफीचा पेला खाली ठेवला. "तेव्हाच का नाही बोललीस?" मी विचारलं.

"कुणाला? तुला?" ती म्हणाली, आणि आत जाऊन मुलांचा ताल धरू लागली.

तेव्हा संपादकांना पत्र लिहून ठेवलं आहे. त्या परीक्षणातलं कारण खोटं आहे, ते मी सांगितलं होतं, खरं काय घडलं ते असं, आणि यानंतर नोंद दुसऱ्या कुणाला द्यायची असेल तर माझी हरकत नाही. अक्का बहुधा माझ्याशी बोलणं टाकेल. तुमची बाजू राखण्यासाठी मी खोटं बोलले, असंही त्यात एक वाक्य आहे, आणि आता अडले आहे ती या वाक्यावर. कारण घशाचं सांगायला तुम्ही मला सांगितलं नव्हतं. त्या संध्याकाळनंतरच्या महिन्यात त्याच सभेत, तुमच्या शब्दावर, माझं पहिलं गाणं ठरलं होतं. हे तुम्हाला लिहिता आलं. संपादकांच्या पत्रात मात्र ते वाक्य अजून तसंच आहे.